आत्याचं बटण

माझ्या हातून आयुष्यात साधारण चार हजार बटणं झाली असतील. शर्टाची नव्हेत, लग्नाच्या डीव्हीडीवरची. सीडी आत टाकली की आधी सनई वाजते, गुलाबाच्या पाकळ्या पडतात, दोन कबुतरं चोचीत लाल बदाम धरून येतात आणि मग पडद्यावर नावं उमटतात: हळद, लग्न, जेवण, पाठवणी. रिमोटचा बाण दाबत हव्या त्या नावावर जायचं, ओके दाबायचं, की तो भाग सुरू होतो. याला मेनू म्हणतात. दिघ्याला माझं दुकान होतं तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या निम्म्या लग्नांचे मेनू मी केले. त्या चार हजारांतलं एक बटण चुकलं. बाकीची तीन हजार नऊशे नव्व्याण्णव कोणाला आठवत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी मरेपर्यंत करणार आहे.

चुकलेलं बटण ऐरोली गावातल्या गोटीरामशेठच्या घरचं. दोन हजार बाराच्या डिसेंबरात त्यांच्या मुलाचं, मिथुनचं लग्न होतं. आगरी घरातलं लग्न एक वेळ पाहुणे चुकवतील, पण हळद चुकवणार नाहीत. आठशे माणूस, दोन डीजे, मांडवाच्या एका कोपऱ्यात धवलारीण रंगूबाई धवळे, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, गातेय, आणि घरच्या चाळीस बायका एकसारख्या पोपटी साड्यांत. गोटीरामशेठनी मला बसवून सांगितलं होतं, “हे बग, परत्येक मानकऱ्याला आपलं बटन पायजे. मामाला मामाचं, मामीला मामीचं. ज्यानी त्यानी आपलं दाबायचं, आपल्याला बगायचं, आन गप बसायचं.” कल्पना चांगली होती, हे मला आजही मान्य आहे. तीन तासांचं लग्न कोणी बघत नाही. आपण दिसतो ती वीस सेकंदं सगळे बघतात.

सतरा बटणं झाली. नवरा, नवरी, मामा, मामी, काका, सरपंच, शेठचं पोकलेन मशीन, आणि शर्यतीत पहिला आलेला राजा नावाचा बैल. अकराव्या नंबरला गोजराआत्या, म्हणजे गोटीरामशेठची मोठी बहीण. त्यांच्या घरात पहिली हळद आत्याच्या हातची लागते, मग बाकीच्यांची. तेव्हा आत्याच्या बटणात वीस सेकंदं पहिल्या हळदीची असणार, हे लहान मुलानंही सांगितलं असतं.

लग्नानंतर महिन्याभरानं आत्याच्या सासरी, घणसोली गावात, सगळं घर टीव्हीपुढे बसलं. शेजारचेही आले. आत्यानं स्वतः रिमोट घेतला, आपल्या नावावर गेली आणि ओके दाबलं. पडद्यावर मटणाचा टोप आला. एवढा मोठा टोप, त्यातून निघणारी वाफ, आणि रटरट. वीस सेकंदं झाली, कबुतरं परत आली. आत्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा टोप. मग कोणीतरी बैलाचं बटण दाबून पाहिलं. बैल बरोबर आला.

त्या दिवसापासून आत्यानं भावाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. घणसोलीत तिला टोपाची आत्या म्हणायला लागले आणि ऐरोलीत मला टोपवाला. वर्षभरात गावठाणांतलं माझं काम आटलं. पुढे डीव्हीडीच आटल्या ही गोष्ट निराळी, पण मी आधी आटलो. आता मी ऐरोलीच्या एका आयटी पार्कात विम्याच्या ॲपसाठी बटणं डिझाइन करतो. तीही कोणी दाबत नाही, पण त्यात निदान माझा दोष नसतो.

चूक कोणाची, हेही सांगून टाकतो. माझा जोडीदार सनी दुसरा कॅमेरा चालवायचा. शूटिंग संपल्यावर तो मला कागदावर यादी लिहून द्यायचा, कुठल्या क्लिपमध्ये कोण आहे त्याची. त्या कागदावर लिहिलं होतं: “क्लिप १७, आत्या.” मी क्लिप सतरा उघडून न बघता जोडली, कारण त्या आठवड्यात आणखी तीन लग्नं होती. पुढे सनी दुबईला गेला, आणि त्याला मी तेरा वर्षं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या नाहीत.

तर गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला, कोणी गोटीराम म्हणून आलेत. मी खाली गेलो. शेठ म्हातारे झाले होते. गळ्यातली साखळी तेवढीच जाड होती, पण गळा बारीक झाला होता. मिथुन गाडीत बसून होता.

“बटनवाला तूच ना,” शेठ म्हणाले.

“दादा, तेव्हाच सांगितलं होतं, ती सनीची...”

“ते जाऊं दे. नमिताची हलद शुक्कारी हाय.” नमिता म्हणजे त्यांची धाकटी. “आपली गोजराबाय बोलली, जी शीडी चुकली ती सुदरून आना, मंग येतंय. नायतर नाय.”

मी म्हटलं, आता सीडी कोण बघतं, मी क्लिप शोधून व्हॉट्सॲपवर देतो. पेनड्राइव्ह देतो. शेठनी मान हलवली. त्यांनी हे सगळं आत्याला विचारून पाहिलं होतं.

“पेनड्राइव्हला बटनं नसतान. आन मोबाइलवर बोलली, मना एकटीला दिसून काय उपेग? लाज गेली ती सगल्या घरानी बगली. परत येल ती बी सगल्या घरानीच बगली पायजे, त्याच टीवीवर, त्याच बटनानी.”

यात तर्काची चूक काढायचा मी प्रयत्न केला, पण सापडली नाही.

मग शेठ गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “मी दोन वर्साचा हुतो तवा आय गेली. या बायनीच मना कडेवर घेऊन मोठा केला. मिथुनची पोरं झाली, ती नाय आली. माजं आपरेशन झालं, ती नाय आली. आता घरान हे शेवटचं लगीन हाय. तिनी हलद नाय लावली त मना ती हलद वाटनारच नाय.” एवढं बोलून ते रुमालानं कपाळ पुसत राहिले, पण घाम कपाळाला नव्हता.

मला सनीचा राग आला, स्वतःचाही आला, आणि मी हो म्हणून बसलो.

मेनू बनवायचं सॉफ्टवेअर फक्त माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं, आणि तो कॉम्प्युटर दिघ्याला आईच्या घरी माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांच्या मागे होता. तो खाली उतरवला, तिसऱ्या खेपेला सुरू झाला. त्याच्या मते तारीख एक जानेवारी दोन हजार एक होती. स्पीकर मेले होते, तरी हार्ड डिस्क जिवंत निघाली. मिथुनच्या हळदीच्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या सगळ्या क्लिपा तिच्यात होत्या, कारण सनी परत आला की त्याच्या तोंडावर मारायला मी त्या जपून ठेवल्या होत्या. कोरी डीव्हीडी नवी मुंबईत कुठे मिळेना. शेवटी कळंबोलीला ट्रकच्या अड्ड्यावर एका टपरीत मिळाली. ड्रायव्हर लोक अजून केबिनमध्ये भोजपुरी गाण्यांच्या सीडी लावतात. टपरीवाल्यानं विचारलं, “कशाला पायजे?” मी म्हटलं, “बहीण-भावाचं भांडण मिटवायला.” त्यानं पाचचं पाकीट दिलं आणि म्हणाला, “एकात नाय भागणार.”

सोमवारपासून शेठचे व्हॉइस मेसेज सुरू झाले. आत्याचं बटण सगळ्यांत वर पाहिजे. मग, सगळ्यांत मोठं पाहिजे. मग, सोन्याचं पाहिजे. मग, त्याच्याभोवती लायटिंग फिरली पाहिजे, गणपतीच्या मखराला असते तशी. मी मोजून पाहिलं तर आत्याच्या बटणानं अर्धा पडदा घेतला होता आणि उरलेले सोळा मानकरी खाली तिकिटाच्या रांगेसारखे दाटीवाटीनं उभे होते. बैलाचं तर फक्त एक शिंग मावत होतं.

मंगळवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन आला. “मी सुनयनामामी बोलतेय. मिथुनची मामी. आत्याचं बटन सोन्याचं केलंय असं कळलं.”

“हो मामी.”

“मग आमचं काय भंगाराचं?”

मी मामीच्या बटणाला चांदीची कड लावली. तासाभरानं काकांचा फोन आला. बुधवारपर्यंत सगळ्यांना कडा झाल्या, सरपंचाच्या बटणाला तुतारी झाली, आणि पोकलेन मशीन मेनूत हात वर-खाली करायला लागलं. कबुतरांना बसायला जागा उरली नाही, म्हणून ती काढून टाकली. मला त्यांचं वाईट वाटलं, इतकी वर्षं बरोबर होती.

पण खरी अडचण पुढे होती. आत्याच्या बटणात घालायची क्लिप सापडेना. माझ्या कॅमेऱ्यात पहिल्या हळदीचा क्षण होता: रंगूबाई डोळे मिटून गातेय (आवाज नव्हता, पण तेव्हा ती आत्याचं नाव घेत होती हे मला आठवत होतं), आणि एक बाई पाठमोरी येऊन मिथुनच्या गालाला हळद लावतेय. पण कोण बाई? चाळीस जणी एकाच ताग्यातल्या पोपटी साडीत. त्यात बायकांची आपसात हळद खेळायला आधीच सुरुवात झालेली, म्हणून प्रत्येकीचं तोंड पिवळं. नाक कुठलं आणि कान कुठला एवढंच कळत होतं. मी मिथुनला फोन करून विचारलं, “आत्या ओळखायची कशी?”

“अरे सिंपल आहे भावा, पोपटी साडीवाली,” मिथुन म्हणाला.

बुधवारी संध्याकाळी मी ती पाठमोरी बाई बटणाला जोडून टाकली. नाव आत्याचं घेतलंय, हात पुढे आलाय, म्हणजे आत्याच. मी खुशीत होतो. माझी बायको शुभदा तेवढ्यात चहा घेऊन आली. ती बँकेत चेक तपासते, त्यामुळे तिला सही बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

“आणि ती टोपाची क्लिप?” तिनं विचारलं.

“ती कशाला बघायची? टोप आहे.”

“तेरा वर्षं त्या क्लिपला शिव्या देतोयस, आणि एकदा पूर्ण पाहिली नाहीस?”

खरं होतं. मी फक्त पहिली वीस सेकंदं पाहिली होती, बटणापुरती कापलेली. क्लिप तीन मिनिटांची होती. शुभदानं ती लावली. आवाज नव्हताच. टोप, वाफ, रटरट. चाळिसाव्या सेकंदाला वारा आला असावा, कारण वाफ एका बाजूला झाली. टोपामागे पदर खोचून गोजराआत्या उभी होती. हातात पळी, चेहरा स्वच्छ, हळदीचा ठिपका नाही. पळीतलं तळहातावर घेऊन ती चाखत होती आणि आचाऱ्याला काहीतरी बोलत होती.

“म्हणजे आत्या क्लिप सतरामध्ये होती,” मी म्हटलं. “सनी बरोबर होता.”

शुभदानं दोन्ही क्लिपांच्या खालच्या वेळा एका कागदावर लिहिल्या. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं त्या दिवशी मीच जुळवली होती. पहिली हळद लागली ती सात वाजून बेचाळीस मिनिटांनी. सात बेचाळीसला आत्या टोपाशी होती.

म्हणजे पहिली हळद आत्यानं लावलीच नव्हती. एवढ्या पोपटी गर्दीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आत्यानं कोणाला सांगितलं नाही.

मी खुर्चीतून उठलोच. “बघ. बघ म्हणजे. माझं बटण बरोबर होतं. चार हजारांतलं एकही चुकलेलं नाही. उद्या सगळ्या घणसोलीला दाखवतो.”

“दाखव,” शुभदा म्हणाली. “आणि मग आत्या शुक्रवारी कोणत्या तोंडानं जाणार ते पण दाखव. भावाच्या मुलाची हळद सोडून स्वयंपाकघरात होती म्हणून.”

“आणि माझं काय?”

“तुझं बटण बरोबर होतं हे तुला कळलं ना? मला कळलं ना? बास. त्या माणसाला बहीण पाहिजे, तुझा निकाल नको.”

मी रागावून गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग पाठमोऱ्या बाईचीच क्लिप ठेवायची असं ठरलं, आणि शुभदा झोपायला गेली.

आता यापुढचं मी तिला त्या वेळी सांगितलं नव्हतं. डीव्हीडीच्या मेनूत अदृश्य बटण करता येतं. ते दिसत नाही, पण बाणानं त्याच्यावर पोचलं की ओके न दाबताही सुरू होतं, अशी सोय असते. मी आत्याच्या सोन्याच्या बटणाच्या डाव्या बाजूला, काळोख्या कोपऱ्यात, एक तसलं बटण केलं आणि त्यात क्लिप सतरा अख्खी घातली. कोणाला दाखवायला नाही. खरं काय ते सीडीवर कुठेतरी असावं, एवढ्यासाठी. माणसाला आपल्या बाजूनं निदान एक पुरावा जमिनीत पुरून ठेवावासा वाटतो, तसं.

गुरुवारी सकाळी मिथुनच्या गाडीतून आम्ही घणसोलीला गेलो. त्याला आत्याच्या घरात यायची बंदी होती, सीडी सुधारेपर्यंत भावाच्या घरचं कोणी नको. म्हणून तो खाली गाडीत एसी लावून बसला. वर तिसऱ्या मजल्यावर सगळं घर जमलं होतं. आत्याची सून, नातवंडं, जावा, शेजारणी, खालचा इस्त्रीवाला. टीव्हीशेजारी जुना डीव्हीडी प्लेअर फडक्यानं पुसून ठेवला होता. समोरच्या खुर्चीत गोजराआत्या. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“टोपवाला ना तू?”

“हो आत्या,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सीडी लागली. सनई वाजली. सोन्याचं बटण लखलखायला लागलं, तुतारी वाजली, पोकलेननं हात वर केला, आणि इस्त्रीवाल्याच्या तोंडून वा निघून गेलं. आत्यानं रिमोट घेतला. रिमोटवरचे आकडे झिजून गेले होते, पण तिचा अंगठा नेमका ओकेवर गेला. पाठमोरी बाई आली, हात पुढे आला, मिथुनच्या गालाला हळद लागली. घरात एकदम गलका झाला. सून म्हणाली, “झालं ना आई आता? दिसली ना तुमची हलद? आता जा उद्या.” एका शेजारणीनं माझ्या हातात पेढा ठेवला. तेरा वर्षांनी कोणी माझ्या मेनूचं कौतुक करत होतं. माझे डोळे भरून आले, हे मी लपवणार नाही.

आत्यानं मात्र रिमोट खाली ठेवला नाही. क्लिप संपली, मेनू परत आला. ती पडद्याकडे बघत राहिली आणि मग पुन्हा एकदा बघावं म्हणून, मागे जायला, तिनं डावा बाण दाबला.

ऑफिसात मी नव्या पोरांना दर महिन्याला शिकवतो, की वयस्कर माणूस मागे जायला नेहमी डावा बाण दाबतो, म्हणून डावीकडे कधीच काही ठेवू नका. माझा त्यावर अठरा पानांचा पीपीटी आहे.

टोप आला.

घरातला गलका थांबला. “परत तोच,” कोणीतरी पुटपुटलं. मी प्लेअरकडे धावलो, पण मध्ये तीन नातवंडं आणि इस्त्रीवाला बसले होते. “तांत्रिक आहे, तांत्रिक आहे,” मी म्हणत राहिलो. पेढा अजून तोंडात होता, त्यामुळे कोणाला कळलं नसावं. वाफ बाजूला झाली. पदर खोचलेली आत्या पडद्यावर स्वच्छ दिसली. आणि या टीव्हीला आवाज होता. मी ही क्लिप आवाजासकट कधी ऐकलीच नव्हती.

“आत्या, मी टाकलंय मीठ,” पडद्यावरचा भगवान आचारी म्हणत होता.

“टाकलंयस? चाखून बग. दोन्ही टोप आलनी हान, मिठाचा पत्त्या नाय.”

मागून लाउडस्पीकरवर रंगूबाईचा आवाज येत होता. धवळ्यात ती आत्याचं नाव घेऊन तिला मांडवात बोलवत होती, एकदा, मग परत. कोणीतरी बाई घाईनं म्हणाली, “आत्या, तुमचं नाव घेतान, चला ना.” पडद्यावरची आत्या तिकडे वळली. पळी हातात तशीच. तिनं मांडवाकडे एक पाऊल टाकलं आणि परत टोपाकडे आली.

“जाऊं दे,” पडद्यावरची आत्या म्हणाली. “हलद कोन बी लावल. आठशे मानूस आलनी जेवून गेला त माज्या गोट्याची मान खाली जाल. आन इकडं मीठ.”

मग ती टोपात हातानं मीठ टाकत राहिली, चाखत राहिली, परत टाकत राहिली. मिठागरात वाढलेली बाई, तिला माप लागत नव्हतं. रंगूबाईनं तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि मग मांडवात एकच ओरडा झाला, म्हणजे हळद लागली होती. पडद्यावरच्या आत्यानं पदरानं डोळे पुसले. वाफेनंही असेल.

क्लिप संपली. सोन्याचं बटण परत लखलखायला लागलं, आणि ते मला इतकं वाईट दिसलं की पुढच्या जन्मी मी सुतार होईन असं ठरवून टाकलं.

सुनेनं हळूच विचारलं, “आई, म्हणजे तुम्ही हलद लावलीच नाय?”

“नाय,” आत्या म्हणाली.

“मग ती बाई कोन?”

“सुनयना. बांगड्यांच्या वर घड्याल घालतं ती. मगाशी दाखवलं तवाच वलखलं मी. बरं केलन तिनी, मुहूर्त गेला नाय.” मग आत्या माझ्याकडे वळली. “मना वाटलं, या पोरानी मना चोरीला पकडली. हलद सोडून टोपाशी हुती ते याला ठावं हाय, आन मुद्दाम टाकलं, सगल्या जगाला दाखवाला. तेरा वर्सां मी तुना शिव्या देतंय.”

“आत्या, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी ती बघितलीच नव्हती. आळस केला.”

“आलशी हायस व्हय निस्ता?” ती म्हणाली आणि हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग सगळी खुर्ची. सून हसली, जावा हसल्या, इस्त्रीवाल्यालाही न कळता हसू फुटलं. हसता हसताच आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना.

“मान सोडला, ते सांगनार कुनाला?” ती म्हणाली. “लोकं बोलली असती, भावाच्या पोराच्या हलदीला पन उभी राहिली नाय. गोट्याला सांगितलं असतं त तो रडत बसला असता. त्याच्या म्होरं जावाला तोंड नवतं, म्हनून शीडीवर ढकललं. सोपं हुतं.”

नातवंडांतल्या एकीनं जाऊन तिचा हात धरला. थोरली जाऊ, जिनं टोपाची आत्या हे नाव पाडलं होतं असं मला नंतर कळलं, ती उठली आणि आत्यासाठी पाणी घेऊन आली.

आत्यानं पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, “लाव गोट्याला.”

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. एका रिंगमध्ये उचलला गेला. पलीकडे मांडवाचे खांब ठोकल्याचा आवाज येत होता.

“काय झालं बटनवाल्या? बगितली तिनी?” शेठनी विचारलं.

“गोट्या,” आत्या म्हणाली.

ठोकण्याचा आवाज थांबला. शेठनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं असणार.

“शुक्कारी मटन कोन शिजवतंय?” आत्यानं विचारलं.

“भगवान,” शेठ म्हणाले. आवाज अगदी बारीक आला, दोन वर्षांच्या पोराचा असावा तेवढा.

“आन मीठ कोन बगतंय?”

“कोनी नाय.”

“रंगूबाईला सांग, दोन टोप चाखल्याबिगर मी मांडवान येनार नाय. मी आल्याबिगर कुनाचा हात पोरीच्या गालाला लागाला नको. तवर मुहूर्त थांबवून ठेव.”

आम्ही सगळे त्या फोनकडे बघत होतो. मग गोटीरामशेठ म्हणाले, “थांबवतंय, बाय. तू ये.”